व्यायामाची मात्रा

(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



कुलाचार, उत्सव आणि जीर्णोद्धार या विषयांच्या पंक्तीस आरोग्याचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु देवळाची पायरी चढण्याचे बळ ज्यांच्या पायांत उरलेले नाही, अशी माणसे आज प्रत्येक कुटुंबात आहेत. देवासच्या टेकडीवरील तुळजाभवानी आणि चामुंडा यांच्या दर्शनास जे पूर्वी एका दमात वर जात, ते आता पायथ्यापासूनच हात जोडतात. कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब, कोणाचे गुडघे, कोणाचा श्वास. औषधे सर्वांचीच चालू असतात. पण औषधांच्या जोडीने शरीराला पुन्हा कामाला लावण्याचे एक शास्त्र आहे आणि ते जाणणारी माणसेही आहेत, याची वार्ता पुष्कळ घरांपर्यंत पोहोचलेली नाही. त्या शास्त्राचे नाव व्यायाम-शरीरक्रियाशास्त्र. व्यायामाने निरोगी माणूस बलवान कसा होतो, एवढाच त्याचा विषय नाही. रोगी माणसाला किती, कोणता आणि केव्हा व्यायाम द्यावा, हा त्याचा आजचा मुख्य विषय आहे.

धार आणि देवास येथील मराठी घराणी अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग माळव्यात आली. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची स्थापना तुकोजी आणि जिवाजी या बंधूंनी १७२८ साली केली. त्यांच्या आश्रयाने शिलेदार, कारभारी, फडणीस, वैद्य आणि पुजारी येथे स्थिरावले. त्या पिढ्यांना व्यायामाचा उपदेश करण्याची गरज नव्हती. घोड्यावरची मजल, शेताची राखण, विहिरीचे पाणी, जात्यावरचे दळण यांतच शरीराला पुरेसे काम मिळे, आणि ज्यांना अधिक हवे त्यांच्यासाठी तालीम होती. ज्या दुसऱ्या बाजीरावांचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला, त्यांच्याच पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मलखांबविद्येचे पुनरुज्जीवन केले. पुढे २०१३ साली मध्य प्रदेश शासनाने मलखांब हा राज्याचा खेळ म्हणून घोषित केला.

आता काळ पालटला आहे. देवासला १९७० नंतरच्या दशकात नोटांचा छापखाना आणि अनेक कारखाने आले. धार जिल्ह्यात पीथमपूरची उद्योगनगरी उभी राहिली. दरबारी नोकरीच्या जागी कारखान्याची पाळी आणि कचेरीतील खुर्ची आली. पायांचे काम वाहनाने घेतले, जात्याचे काम गिरणीने आणि विहिरीचे काम नळाने. त्याचे फळ आकड्यांत दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर आहे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या त्याहूनही मोठी, म्हणजे सुमारे साडेतेरा कोटी आहे.

'आमच्या घराण्यात सारे सडपातळ, आम्हाला कसला मधुमेह?' हे समाधानही फसवे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली छापले. उंची आणि वजन यांच्या गणिताने दोघेही अगदी सारखे होते. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. भारतीय माणूस सडपातळ दिसत असला तरी त्याच्या शरीरात स्नायू कमी आणि मेद अधिक, असा प्रकार वारंवार आढळतो. तराजूला जे दिसत नाही ते स्नायूंची कसोटी घेतल्यावर दिसते.

रोग जडला की घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो विश्रांतीचा. 'बसा तुम्ही, आम्ही करतो' हे वाक्य मुले आणि सुना मनापासून म्हणतात. वडीलधाऱ्यांच्या हातून काम काढून घेणे हा आदराचा भाग मानला जातो. बाजाराची पिशवी जाते, मग जिना जातो, मग अंगणही जाते, आणि शेवटी अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतचे अंतर तेवढे उरते. प्रेमाने दिलेली ही विश्रांती काय हिरावून नेते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या चुकीत वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ सहभागी होते, आणि त्याची एक आठवण देवासच्याच मातीत आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले, मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्यापाशी शिकलेले आणि बालवयातच कीर्ती पावलेले कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी देवासला आले, ते फुप्फुसांचा क्षय घेऊन. त्या काळी क्षयावरील उपचार म्हणजे मुख्यतः चांगली हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध नुकतेच मिळू लागले होते. गायकाला गाण्याची मनाई झाली. पत्नी भानुमतीबाईंच्या शुश्रूषेत सुमारे पाच वर्षे गेली. त्या काळात माळव्यातील लोकगीते कानांवर पडत राहिली आणि मन गात राहिले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा एका फुप्फुसाची कार्यशक्ती फारच थोडी उरली होती. त्यानंतर जवळजवळ चार दशके, १९९२ साली देवास येथे देहावसान होईपर्यंत, ते गात राहिले. १९९० साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

त्यांच्या गायकीचे सारे विशेष दुर्बल फुप्फुसातून उपजले असे म्हणणे हा त्यांच्या प्रतिभेवर अन्याय होईल. परंतु उरलेल्या श्वासाचा अंदाज घेऊन, त्याला बेतून, त्याच्याच बळावर पूर्ण गाणे उभे करता येते, हे देवासने प्रत्यक्ष ऐकले आहे. व्यायाम-शरीरक्रियाशास्त्राचा पाया हाच आहे. गेले किती याचा हिशेब रोगनिदान करते. उरले किती आणि त्यातून वाढेल किती, याचा हिशेब हे शास्त्र मांडते.

विश्रांतीवरील अंधश्रद्धा पुढे ठिकठिकाणी ढासळत गेली. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या संशोधनात क्षयाच्या काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या घरीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांना तेवढी विश्रांती मिळत नव्हती, अन्नही तेवढे सकस नव्हते. तरीही औषधे नियमित घेतल्यावर दोघांच्या गुणात फारसा फरक पडला नाही, असे १९५९ साली जाहीर झाले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनेक आठवडे निजवून ठेवण्याची रीत होती. बोस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ च्या सुमारास अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवून दाखविले. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून त्यांची दमशक्ती मोजली गेली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा आढळले की तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी हानी केली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती. आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, ती अधिक आशादायक. पन्नाशीत पोचलेल्या त्या पाच जणांनी सहा महिने क्रमाक्रमाने व्यायाम केला, आणि वयामुळे गेलेली दमशक्ती परत आली.

या विद्येत निपुण असलेला व्यायामतज्ज्ञ नेमके काय करतो? प्रथम तो विचारतो आणि मोजतो. कोणती औषधे चालू आहेत, छातीत कधी दुखले का, रात्री श्वास लागतो का, पाय बधिर होतात का, हे विचारतो. नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहतो. मग सपाट वाटेवर सहा मिनिटे आपल्या चालीने चालावयास सांगून किती अंतर कापले ते नोंदतो. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, हे मोजतो. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयाच्या पुरुषाला बारा वेळा आणि स्त्रीला दहा वेळा उठता आले नाही, तर ती व्यक्ती पडण्याचा धोका अधिक, असे समजतात. यानंतर तो व्यायामाची चिठ्ठी लिहितो. आठवड्यातून किती दिवस, किती नेटाने, किती वेळ आणि कोणत्या प्रकारचा व्यायाम, ही तिची चार कलमे. काही आठवड्यांनी पुन्हा मोजतो आणि मात्रा बदलतो.

नेट किती असावा याची एक खूण कोणालाही वापरता येईल. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका दम लागला की तो मध्यम व्यायाम होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे असा मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. दीर्घकालीन व्याधी असलेल्यांसही हेच ध्येय सांगितले आहे. मात्र सुरुवात दहा मिनिटांनी करावी की दोन मिनिटांनी, हे ज्याच्या त्याच्या शरीरावर ठरते.

मात्रेचा हा विचार परका नाही. चरकाचार्यांनी व्यायाम मात्रेनेच करावा असे सांगितले आहे, आणि आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच श्रम करावेत हा सुश्रुताचार्यांचा दंडक आहे. कपाळावर घाम आणि तोंडाने श्वास, ही थांबण्याची खूण मानली गेली. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णाला शंभर योजने चालावयास, गाई राखावयास आणि विहीर खणावयास सांगितले आहे. इतक्या प्राचीन काळी हे सुचले, याचे कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही. आज त्याचे कारणही कळले आहे. स्नायू काम करू लागला की रक्तातील साखर आत घेण्याचे एक दार इन्सुलिनच्या मदतीवाचूनही उघडते, आणि व्यायाम संपल्यावरही त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच मधुमेह्याने सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी आठवड्यास १५० मिनिटे चालणे आणि थोडे वजन घटविणे एवढे केले. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी.

परंतु सुश्रुताचा रुग्ण अनवाणी चालत असे, आणि येथे आजच्या मधुमेह्याने त्याचे अनुकरण करता कामा नये. दीर्घ मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. चटका बसला तरी कळत नाही, खडा रुतला तरी टोचत नाही. वैशाखात माळव्याच्या उन्हाने तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून घरी आल्यावर मोज्यात फोड दिसावा, त्याची जखम व्हावी आणि ती पाऊल गमावण्यापर्यंत जावी, अशा घटना मधुमेह्यांच्या बाबतीत घडतात. भक्तीला त्यात उणेपणा नाही. शरीराला मात्र धोका आहे. अशांनी सकाळच्या थंड प्रहरी प्रदक्षिणा घालावी, घरी येऊन तळपाय आरशात पाहावेत आणि रोजचे चालणे पायात नीट बसणाऱ्या बुटांनिशी करावे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी साखर ९० च्या खाली असता आधी थोडे खाऊन मगच निघावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. उपवासाच्या दिवशी तर हे विशेष जपावे.

उच्च रक्तदाबात नियमित चालण्याने वरचा दाब सरासरी पाच-सात अंकांनी उतरू शकतो. मात्र श्वास कोंडून जड ओझे उचलणे वर्ज्य. हृद्रोगावरील काही गोळ्या नाडीचा वेग बांधून ठेवतात. अशा रुग्णाने नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेतला तर तो हमखास चुकतो. त्याला बोलण्याची खूणच उपयोगी. गुडघ्यांच्या दुखण्यात पुष्कळ जण चालणे सोडतात; वस्तुतः मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार हलका होतो आणि वेदना कमी होते. उतारवयातील स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. त्यांना केवळ चालणे पुरत नाही, तोल सांभाळण्याचा आणि बळाचा व्यायाम लागतो.

क्षय बरा झाल्यावर किंवा चुलीच्या आणि विडीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे अधू झाली आहेत, त्यांची गोष्ट अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. व्यायामाने त्यांची फुप्फुसे नवी होत नाहीत. पण पायांचे स्नायू कसलेले झाले म्हणजे त्याच कामाला त्यांना प्राणवायू जपून वापरता येतो, आणि तेवढ्याच श्वासात माणूस अधिक वाट चालतो. धापेच्या भीतीने बसून राहणाऱ्याची धाप मात्र वाढतच जाते.

या विद्येला मराठी माणसाने लावलेला हातभारही विसरता येणार नाही. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी आसने आणि क्रिया यांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासण्याचा उपक्रम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केला. १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे संशोधनपत्र सुरू केले. परंपरेने सांगितले म्हणून खरे, असे न म्हणता त्यांनी ते मोजून पाहिले. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने १९५७ साली ग्वाल्हेर येथे उभी राहिलेली शारीरिक शिक्षणाची संस्थाही याच भूमीतील आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात व्यायामतज्ज्ञ हा मान्यताप्राप्त आरोग्यव्यवसायी आहे. भारतात असे तज्ज्ञ अद्याप थोडे असून हे काम बहुधा फिजिओथेरपिस्ट करतात. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर 'व्यायाम करू का?' एवढेच न विचारता 'किती करू, आणि मला शिकवील कोण?' असे विचारण्याची सवय कुटुंबांनी लावून घ्यावी. छातीत दुखणे, घेरी येणे, बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणे असतील, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

महाजनसभेला यात करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि खर्च फार थोडा आहे. सहा मिनिटांच्या चालण्याच्या कसोटीला तीस मीटर लांबीची सरळ, सपाट वाट लागते. ती कोणत्याही मोठ्या देवळाच्या प्राकारात किंवा धर्मशाळेच्या ओसरीत आखता येते. दर तीन-तीन मीटरांवर एक खूण, एक घड्याळ, हात नसलेली एक भक्कम खुर्ची, रक्तदाबाचे यंत्र आणि एक नोंदवही, एवढे साहित्य पुरे. धार आणि देवास येथून इंदूर जवळ आहे. महिन्यातून एक सकाळ तेथील जाणता फिजिओथेरपिस्ट बोलावणे अशक्य नाही. धारला मुंज तलावाच्या काठी आणि देवासला टेकडीच्या पायथ्याशी सकाळी चालणाऱ्यांचे गट जमविता येतील. एकट्याने सुरू केलेला व्यायाम बहुधा महिन्यात सुटतो. सोबतीने धरलेला टिकतो. उत्सवातील पंक्ती वाढणे, फुलांच्या माळा ओवणे, निरांजने घासणे ही कामे वडीलधाऱ्यांच्या हातून काढून न घेता त्यांच्या शक्तीप्रमाणे वाटून द्यावीत.

टेकडीवर जाण्यास आता रज्जुमार्गाचीही सोय आहे आणि ज्यांना गरज आहे त्यांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण ज्यांना यंदा दहा पायऱ्या चढवतात, त्यांना पुढील नवरात्रापर्यंत पन्नास चढवाव्यात म्हणून घरातील कोणी तरी रोज त्यांच्यासोबत पंधरा मिनिटे चालावे. प्रत्येक महाजन कुटुंबाने आपल्या घरातील एका व्याधिग्रस्त माणसापुरता एवढा संकल्प केला, तरी या मेळाव्याचे सार्थक होईल.